ट्रॅक्टरचा टेम्परेचर काटा खरं दाखवतो की खोटं, कसं ओळखायचं

ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीला अन् मग एप्रिल-मेमध्ये उन्हाळवाहीला, असे वर्षातून दोन वेळा मला एकाच गोष्टीचे फोन येतात. "भाऊ, काटा लालमंदी जाऊन रायला, काय करू?" नाहीतर याच्या उलट, "काटा हालूनच नाही रायला." मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार आहे, शिकलेला मेकॅनिक नाही, पण घरचा ट्रॅक्टर पंचवीस वर्षं जुना आहे अन् त्याचा हा काटा मी इतक्यांदा खोलून बसवला, वरून आजूबाजूच्या गावातले पण पाहिले, की आता काय आधी बघायचं अन् काय नंतर हे हातालाच पाठ झालंय. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतो, म्हणजे फोनवर अर्धवट सांगणं होणार नाही.

आधी लक्षणं. काटा कसा वागतो त्यावरूनच अर्धं कळतं.

चावी ऑन केली, अजून सेलही मारला नाही, इंजिन थंडगार आहे अन् काटा सरळ लालमध्ये जाऊन चिकटला. याच्यात इंजिनचा काही दोष नाही. सेन्सर म्हणजे इंजिनमध्ये बसवलेला, टेम्परेचर ओळखून काट्याला सांगणारा भाग; त्याची वायर कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे, नाहीतर सेन्सर आतून शॉर्ट झालाय.

दोन तास नांगरलं तरी काटा जागचा हलत नाही. वायर तुटली, पिन निघाली, फ्यूज गेला, अर्थ (म्हणजे करंटचा बॅटरीच्या मायनसकडे परत जायचा रस्ता) नाही किंवा सेन्सर मेला, यातलं काहीतरी एक. याच्याकडे लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात, कारण काटा खाली असला की जिवाला बरं वाटतं.

हेडलाइट लावला की काटा वर सरकतो, बंद केला की जागेवर येतो, इंडिकेटर दिला तर इंडिकेटरसोबत उड्या मारतो. हे मीटरच्या पाटीची, म्हणजे डॅशबोर्डची, अर्थ सैल असल्याचं पक्कं लक्षण.

डिझेलचा काटा अन् टेम्परेचरचा काटा दोन्ही एकदमच जास्त दाखवायला लागले, किंवा दोन्ही एकदमच कमी. दोन सेन्सर काही ठरवून एकाच दिवशी खराब होत नाहीत, त्यामुळे दोघांना मिळून जो करंट येतो अन् जी अर्थ आहे तिथे बघायचं.

लोडवर काटा हळूहळू चढतो अन् रिकामं उभं केलं की पाच-सात मिनिटात उतरतो. असा काटा बहुतेक वेळा खरं बोलत असतो. इथे काट्याच्या मागे लागू नका, जाळी, पट्टा, पाणी बघा.

अन् सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे काटा चढत चढत लालजवळ गेला अन् लोड कमी न करता अचानक स्वतःहून खाली आला.

हे शेवटचं मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून थोडं सविस्तर सांगतो. शेजारच्या काकांच्या वावरात तुरीची मळणी चालू होती, ट्रॅक्टरला हडंबा (मळणीयंत्र) लावलेला, दुपारची वेळ, काटा लालच्या उंबरठ्यावर. आम्ही दोघं बघतच होतो अन् काटा उतरला. काका म्हणाले, "पाय बाबू, उतरला काटा, झाली गाडी थंडी." मलाही तेव्हा तेच वाटलं, मी हो म्हटलं. पंधरा-वीस मिनिटं काम तसंच चाललं, मग इंजिनचा आवाज जड झाला अन् आमच्यासमोर बंद पडलं. रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) फाटून पाणी सगळं निघून गेलं होतं, कुटाराच्या (भुशाच्या) ढिगात ते कोणाला दिसलंच नाही. सेन्सर बसवलेला असतो वर हेडजवळ (इंजिनच्या वरच्या भागाजवळ), तिथे पाणीच राहिलं नाही, नुसती हवा राहिली, अन् काटा त्या हवेचं टेम्परेचर दाखवत होता. हेडला बेंड आला, फेसिंग, पॅकिंग, मजुरी, अन् तूर तशीच ढिगात पडून राहिली. ते हो म्हटलेलं मला अजून आठवतं.

तेव्हापासून मी सगळ्यांना पहिली गोष्ट हीच सांगतो की काटा इंजिनचं टेम्परेचर दाखवत नाही, सेन्सरच्या टोकाला जे लागून आहे त्याचं दाखवतो. पाणी असेल तर पाण्याचं, हवा असेल तर हवेचं, अन् टोकावर क्षाराचा थर असेल तर त्या थरातून जेवढी उष्णता पोचते तेवढीच. पुढचं सगळं तपासणं याच्यावर उभं आहे.

आता फुकटातल्या गोष्टी आधी.

सगळ्यात आधी काटा नीट वाचायला शिका. जुन्या ट्रॅक्टरच्या मीटरवर बहुतेक वेळा आकडे नसतातच, पांढरा-हिरवा-लाल असे पट्टे असतात, काच उन्हानं पिवळी पडलेली अन् आत धूळ. काटा अन् मागची पाटी यांच्यात थोडं अंतर असतं, त्यामुळे सीटवर सरळ बसून बघितलं तर वेगळं दिसतं अन् मडगार्डवर बसणाऱ्याला वेगळं दिसतं, काट्याच्या जाडीएवढा तरी फरक पडतो. म्हणून नेहमी सीटवरून, डोळे मीटरच्या समोर आणून वाचायचं. दुसरं म्हणजे काचेवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. गाडी चांगली चालत असताना, पाणी पूर्ण, जाळी साफ, अर्धा तास लोडवर काम झाल्यावर काटा जिथे थांबतो तिथे. ठिपका देताना अन् नंतर बघताना डोळा एकाच जागी पाहिजे, नाहीतर त्याचा काही उपयोग नाही.

मी दोन ठिपके दिलेत, एक हिवाळ्याचा अन् एक मे महिन्याचा. कारण सांगतो. रेडिएटर उष्णता फेकतो ती पाणी अन् बाहेरची हवा यांच्या फरकावर. पाणी ९० अन् बाहेर डिसेंबरच्या सकाळी २० असेल तर फरक ७० चा. तेच मे मध्ये आपल्याकडे बाहेर ४६ असतं, अकोला-चंद्रपूरवाल्यांना हे सांगायला नको, तर फरक राहतो फक्त ४४ चा. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण थंड करायची ताकद तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी झाली. त्यामुळे उन्हाळ्यात पलटी नांगर ओढताना काटा हिवाळ्यापेक्षा थोडा वर राहिला तर तो खोटं बोलत नाही. उन्हाळ्याच्या ठिपक्याच्याही वर जायला लागला की मग काळजी करायची.

त्यानंतर पाणी. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, टोपण उघडून डोळ्यांनी बघायचं. बाजूच्या डब्यात पाणी दिसतं म्हणून रेडिएटर भरलेला आहे असं समजू नका, टोपणाचं रबर कडक झालं असेल तर डब्यातलं पाणी परत आत ओढलंच जात नाही. गरम असताना टोपण कधीच उघडायचं नाही, फडकं धरून पण नाही. टोपण दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी १०० ला उकळत नाही, अर्ध्या बारचं टोपण असेल तर ११० च्या आसपास उकळतं. तुम्ही टोपण फिरवलं की दाब गेला, अन् १०५ वर शांत बसलेलं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. भाजलेली माणसं पाहिलीत मी. वरचा होज हातात धरवतो इतकं थंड झालं की मगच.

पाणी कोणतं टाकता हेही काट्याशी जोडलेलं आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याचा तो भाग, तिथलं बोअरचं पाणी रेडिएटरला टाकणं म्हणजे आतून गंज अन् क्षार बोलावणं. आमच्याकडे खारपाण नाही पण बोअरचं पाणी जड आहे, चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो तोच सेन्सरच्या टोकाला बसतो. असा सेन्सर मी काढून पाहिला तर टोकावर अंड्याच्या टरफलासारखा थर होता, काटा चढायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घ्यायचा. कुलंट टाका, बाटलीवर लिहिलंय त्या प्रमाणात, अन् मिसळायला बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी किंवा आरओचं पाणी घ्या. काहीच नसेल तर पावसाचं धरून ठेवलेलं स्वच्छ पाणी बोअरपेक्षा केव्हाही चांगलं.

पाणी पूर्ण बदललं असेल तर आत हवा अडकून राहते, अन् ती हवा जाऊन बसते नेमकी वर, सेन्सरजवळच. मग काटा एकदा खाली, एकदा वर असं विचित्र वागतो. टोपण उघडं ठेवून थंडं इंजिन सुरू करा, आयडलवर, म्हणजे रेस न देता, दहा मिनिटं चालू द्या, बुडबुडे निघतील अन् पातळी खाली जाईल, तेवढं पाणी टाका अन् टोपण लावा. पाणी तापायला लागायच्या आधी टोपण लावून मोकळं व्हायचं.

जाळीचं आमच्याकडचं दुखणं म्हणजे कुटार. सोयाबीनचं कुटार इतकं बारीक अन् हलकं असतं की हडंबा चालू असताना पंखा ते ओढून जाळीवर गोधडीसारखं पांघरतो. पुढची लोखंडी जाळी झटकली की झालं असं वाटतं पण खरं कुटार रेडिएटरच्या पट्ट्यांच्या आत बसलेलं असतं, मागून बॅटरी मारली अन् समोरून उजेड दिसला नाही तर समजा भरलंय. हवा किंवा पाणी नेहमी पंख्याच्या बाजूनं समोर मारायचं, कारण कुटार समोरून आत आलंय, समोरून मारलं तर आणखी आत जाऊन बसतं. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पट्ट्या मुडपतात. मळणीच्या दिवसांत मी रोज दोन वेळा साफ करतो अन् शक्य असेल तर ट्रॅक्टर वाऱ्याच्या दिशेनं असा लावतो की कुटार तोंडावर येणार नाही.

पट्ट्याचं थोडक्यात, दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्यानं दाबला तर साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबला पाहिजे, पट्टा चकचकीत झाला असेल किंवा आतून चिरा पडल्या असतील तर बदला. सैल पट्टा पंखा अन् पाण्याचा पंप दोघांनाही हळू फिरवतो, अन् मग काटा जे दाखवतो ते खरंच असतं.

इथपर्यंतच्या तपासणीला एक रुपया लागला नाही. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी बऱ्याचदा इथेच संपतात. संपली नाही तर आता काट्याकडे वळायचं.

आधी तुमचा काटा कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. मीटरच्या मागे हात घाला. तिथून साधी वायर निघत असेल तर इलेक्ट्रिक. तांब्याची किंवा स्टीलची बारीक नळी निघत असेल, काही ठिकाणी स्प्रिंग गुंडाळलेली, अन् ती न तुटता सरळ इंजिनपर्यंत जात असेल तर तो मेकॅनिकल. नळीवाल्यात टोकाच्या बल्बमध्ये लवकर वाफ होणारं द्रव भरलेलं असतं, ते तापलं की दाब वाढतो अन् तो दाब मीटरमधली वाकडी नळी उलगडून काटा फिरवतो. त्याला बॅटरी लागत नाही, अर्थ लागत नाही. चावी काढल्यावरही गरम इंजिनवर तो गरमच दाखवतो. नळी कुठे चेपली, घासून भोक पडलं की द्रव निघून गेलं अन् काटा कायमचा खाली बसला. याला दुरुस्ती नाही. झाळ मारून देतो म्हणणारे भेटतात, पण भरलेलं द्रव परत भरायची सोय गावात कोणाकडेच नसते, मीटर-नळी-बल्ब असा पूर्ण सेटच बदलावा लागतो. नवा बसवताना नळी कापायची नाही, जास्तीची लांबी मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून बांधायची, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब.

इलेक्ट्रिक असेल तर पॉलिश पेपरचा तुकडा घ्या अन् अर्थपासून सुरुवात करा. सेन्सरला बहुतेक वेळा एकच वायर असते, त्याची दुसरी बाजू म्हणजे त्याचे आटेच, ते हेडमध्ये घट्ट बसून इंजिनच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसला जातात. म्हणून बॅटरीच्या मायनसची थिंबल, इंजिनला येणारी अर्थची पट्टी, मीटरच्या पाटीचा अर्थचा स्क्रू, तिन्ही काढून घासून परत घट्ट करा. इंजिनची अर्थ खराब असेल तर वाटेत जास्तीचा अडथळा येतो अन् काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, म्हणजे धोक्याच्या बाजूनं चूक. पाटीची अर्थ खराब असेल तर दिवे लावल्यावर काटा हलतो. खात्री करायची सोपी युक्ती आहे, एक लांब वायर बॅटरीच्या मायनसला लावा अन् दुसरं टोक पाटीच्या लोखंडाला टेकवा, काटा जागेवर आला तर रोग सापडला.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो कारण ही चूक मी स्वतः बघितली आहे. सेन्सर गळतो म्हणून आट्यांना पांढरी टेफ्लॉन टेप चार-पाच वेढे देऊन बसवतात. गळती थांबते पण अर्थही तुटते, अन् नवाकोरा सेन्सर असून काटा अर्ध्याच्या वर जात नाही. टेप लावायचीच असेल तर एखादा वेढा, अन् शेवटचे दोन आटे उघडे ठेवा.

आता वायरची परीक्षा. चावी ऑन, इंजिन बंद. सेन्सरवरची वायर काढा अन् मोकळी धरा, काटा पूर्ण खाली गेला पाहिजे. मग तेच टोक इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला टेकवा, काटा पूर्ण वर गेला पाहिजे. टेकवून लगेच उचला, एक-दोन सेकंद पुरे, जास्त वेळ धरून ठेवलं तर जुन्या मीटरची आतली वेटोळी जळू शकते. दोन्ही वेळा काटा बरोबर वागला तर मीटर अन् वायर ठीक आहेत, सेन्सरवर संशय. वायर काढूनही काटा वरच राहिला तर वायर मध्येच कुठेतरी बॉडीला लागलीय, बहुतेक वेळा स्टिअरिंगच्या खालच्या वळणावर नाहीतर बॅटरीच्या पेटीजवळ, तिथे उंदरं पण कुरतडतात. टेकवूनही काटा हलला नाही तर वायर तुटली किंवा मीटरला करंट येत नाही, फ्यूज बघा. काही गाड्यांत मीटरची चाल उलटी असते, तेव्हा काटा उलट दिशेला गेला तर घाबरू नका, टेकवल्यावर अन् सोडल्यावर दोन वेगळ्या टोकांना जातोय एवढं बघा.

इथून पुढे एक मल्टिमीटर (व्होल्ट अन् ओहम मोजायचं यंत्र) लागतो. साधा घेतला तरी चालतो, कास्तकाराच्या घरात तो असायलाच पाहिजे, मोटरपंपालाही कामी येतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय, जुन्या साध्या मीटरचे सगळे काटे मग जास्तच दाखवतात, अन् बॅटरीचं पाणीही उडतं. जुन्या काही जीप अन् कारमध्ये मीटरच्या मागे व्होल्टेज सारखं ठेवणारी एक छोटी डबी असते, ती बिघडली तर डिझेल अन् टेम्परेचर दोन्ही काटे सोबतच भरकटतात.

सेन्सर खोलायच्या आधी एकदा बाहेरून खरं टेम्परेचर मोजून घ्या, नाहीतर अंदाजाचा खेळ होतो. कोरोनाच्या वेळची कपाळाला लावायची गन घेऊन एक भाऊ आले होते, ती इथे चालत नाही, तिची मापायची हद्द माणसाच्या तापापुरतीच असते. कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड गन पाहिजे, तीनशे-चारशे डिग्रीपर्यंत मोजणारी. ती वापरायचीही रीत आहे. चकचकीत अॅल्युमिनियमवर मारली तर ती खूपच कमी दाखवते, म्हणून थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की रेडिएटरकडचा रस्ता उघडणाऱ्या झडपेच्या) घरावर, सेन्सरच्या शेजारी, आधी काळ्या टेपचा तुकडा चिकटवा किंवा काळा मॅट रंग लावा अन् त्याच्यावर मोजा. बहुतेक गन बारा इंचावरून एक इंचाचा गोल बघतात, त्यामुळे लांबून मोजलं तर आजूबाजूचं सगळं मिसळून येतं, जवळ जा, पंख्याला हात सांभाळून. बाहेरचं लोखंड आतल्या पाण्यापेक्षा पाच-दहा डिग्री कमीच असतं हे धरून चाला. गन ८० सांगते अन् काटा लालमध्ये आहे तर काटा खोटा. गन १०० च्या पुढे सांगते तर काटा काय म्हणतो ते विसरा अन् इंजिन वाचवा.

गन नसेल तर ऑइल प्रेशरच्या काट्याला साक्षीला घ्या. ऑइल तापलं की पातळ होतं, पातळ झालं की आयडलवरचं प्रेशर उतरतं. रोज सकाळी थंड्या इंजिनवर अन् दुपारी लोडनंतर आयडलवर प्रेशर कुठे असतं हे माहीत असेल, अन् आज टेम्परेचरचा काटा शांत पण प्रेशर नेहमीपेक्षा बरंच खाली, तर टेम्परेचरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. ऑइल पाण्यापेक्षा हळू तापतं अन् हळूच थंड होतं, त्यामुळे पाण्याचा काटा जागेवर आला तरी ऑइलला आणखी पंधरा-वीस मिनिटं लोडवर द्यावी लागतात मगच त्याचं खरं प्रेशर दिसतं. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनला तर पाण्याचा काटाच नसतो, तिथे ऑइलचंच टेम्परेचर बघतात. १९९८ पर्यंतची पोर्शे ९११ तशीच होती, एवढ्या महागड्या गाडीतही ड्रायव्हरनं बघायचा ऑइलचाच काटा. तिथेही सेन्सर, अर्थ, वायर, मीटर हीच चार ठिकाणं तपासतात.

सेन्सर काढायचा असेल तर इंजिन थंड, पाणी सेन्सरच्या पातळीच्या खाली येईल इतकं काढलेलं. जुने सेन्सर पितळी असतात अन् आटे जाम झालेले, आदल्या रात्री जंग काढायचं तेल मारून ठेवा, बरोबर मापाचा पान्हा लावा, जोर लावून हिसका देऊ नका. नाहीच फिरला तर थांबा, त्याचं पुढे सांगतो.

काढलेल्या सेन्सरचा थर व्हिनेगरमध्ये बुडवून साफ करा, मग स्वयंपाकघरातलं जुनं भांडं घ्या, घरच्यांना विचारून, कारण ते परत स्वयंपाकाला वापरायचं नाही. सेन्सर वायरनं लटकवा, टोक पाण्यात, वरची पिन पाण्याबाहेर, भांड्याच्या बुडाला टेकू देऊ नका. मल्टिमीटर ओहमवर, एक टोक पिनला, एक आट्यांना. पाणी तापवत जा अन् दुधाच्या डेअरीत वापरतात तो थर्मामीटर सोबत धरून दर दहा डिग्रीला आकडा लिहा. थंड्या पाण्यात काहीशे ओहम अन् उकळत्यात काही दहा ओहम असा आकडा सतत खाली यायला पाहिजे, नेमका आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. मध्येच उडी मारली, अडकला, किंवा काहीच दाखवलं नाही तर सेन्सर बदला. थर्मामीटर नसेल तर उकळतं पाणीच माप आहे, नागपूर-वर्ध्याच्या उंचीवर ते साधारण ९९ ला उकळतं. चिखलदऱ्याला ९६ च्या आसपास, तिथल्यांनी तेवढा फरक धरावा.

दुकानातून नवा आणताना जुना सोबत न्या अन् मीटर कोणत्या कंपनीचं आहे तेही बघून जा. आटे सारखे बसले म्हणजे सेन्सर सारखा झाला असं नसतं. आतला ओहमचा हिशोब वेगळा असला तर काटा आयुष्यभर चुकीच्या जागी थांबेल, दिसायला सगळं नवंकोरं. नवा बसवला की काचेवरचे ठिपके पुसून नवीन द्या.

थर्मोस्टॅट पण याच भांड्यात तपासून घ्या. धाग्यानं लटकवा, बहुतेक डिझेलमध्ये तो ७५ ते ८५ च्या दरम्यान उघडायला लागतो, आकडा त्याच्या अंगावरच कोरलेला असतो. उघडत नसेल तर इंजिन खरंच तापतं, अन् उघडाच अडकला असेल तर काटा कधी वरच येत नाही. आमच्याकडे गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायची सवय पडली आहे, अन् मला ती अजिबात पटत नाही. एक तर इंजिन हिवाळ्यात तापतच नाही, थंड्या इंजिनमध्ये डिझेल नीट जळत नाही अन् ऑइलमध्ये उतरतं. दुसरं, काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासचा रस्ता बंद करतो, तो काढला की अर्धं पाणी रेडिएटरमध्ये न जाता तसंच फिरत राहतं अन् गाडी उलट जास्त तापते. अन् तिसरं, काटा कायम खाली राहिल्यानं त्याच्याकडे बघायची सवयच मोडते.

वावरात काटा खरंच लालमध्ये गेला तर काय करायचं? पीटीओ (औजार फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद, औजार वर, गिअर न्यूट्रल, अन् आयडलच्या थोडं वर रेस ठेवून तीन-चार मिनिटं चालू द्या, म्हणजे पंप अन् पंखा फिरून उष्णता निघते. पण वाफ दिसत असेल, पाणी खाली सांडलेलं असेल, ऑइलचं प्रेशर उतरलं असेल किंवा काटा लालमधून अचानक पडला असेल तर चालू ठेवायचं नाही, लगेच बंद. विहिरीचं थंड पाणी इंजिनवर ओतू नका, तापलेलं हेड चिरतं. सावली असेल तर सावलीत, नाहीतर धुऱ्यावरच, तासभर थांबा.

इथून पुढे आपण हात लावायचा नाही. सेन्सर जाम आहे अन् पान्ह्यानं फिरत नाही, तो हेडमध्ये तुटला तर काढायला मशीनवालाच लागतो, त्यामुळे तुटायच्या आधीच त्याच्याकडे न्या. मीटरच्या आतली सर्किटची पाटी खराब आहे, ती मीटर दुरुस्तीवाल्याला द्या. रेडिएटर आतून भरलाय, तो रेडिएटरवाल्याकडून खोलून साफ करून घ्या, घरी ॲसिड टाकू नका, पाणी गळायला लागतं. अन् डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतंय, किंवा पाण्यात ऑइलचा तवंग आहे, किंवा थंडं इंजिन सुरू केल्यावर हवा निघून गेल्यानंतरही टोपणातून बुडबुडे थांबत नाहीत, किंवा बाहेर कुठेच गळत नसताना पाणी रोज कमी होतंय, तर हेड पॅकिंगचं काम आहे. सेलही मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

मेकॅनिकला फोन करताना नुसतं "गाडी तापते" सांगू नका. किती वेळानं तापते, लोडवर की उभी असताना, पाणी किती कमी झालं, वायर टेकवल्यावर काटा कुठे गेला, अन् गन असेल तर तिचा आकडा, एवढं सांगितलं की तो बरोबर सामान घेऊन निघतो, तालुक्याला दोन चकरा होत नाहीत. अन् "हळूहळू चालवत आणा" असं तो म्हणाला तरी, हेडचा संशय असेल तर चालवत नेऊ नका, दुसऱ्या ट्रॅक्टरला टोचन करून न्या, गिअर अन् पीटीओ दोन्ही न्यूट्रलला आहेत ते निघायच्या आधी एकदा हातानं हलवून बघा.